ॲक्रोपोरा प्रवाळाची टोकं जळतायत, बूड पांढरं पडतंय, आणि आकडे मात्र बरे दिसतात

एडिसनकर

खाऱ्या पाण्याचा टँक ७५ गॅलनचा, खाली २० गॅलनचा संप (फिल्टर वगैरे असलेली जोडटाकी). दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ३०० लिटर. चालू होऊन १४ महिने झाले. मासे: क्लाउनची जोडी, एक यलो टँग, एक रॉयल ग्रामा. खाणं दिवसातून एकदा, फ्रोझन मायसिसचा अर्धा क्यूब. प्रवाळ: ३ ॲक्रोपोरा, २ मॉन्टिपोरा, एक हॅमर, थोडे झोआ.

गेल्या दोन महिन्यांत तीन बदल केले. टी-५ ट्यूबा काढून एलईडी लावले (८० टक्क्यांवर), रिॲक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) भरलं आणि मीठ बदललं. नवीन मिठाचं पाणी मोजलं तर अल्कलिनिटी (कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) ११.५ डीकेएच येते.

रीडिंग: क्षारता (खारटपणा) ३५ पीपीटी, तापमान २५.६, कॅल्शियम ४४५, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. अल्कलिनिटी रविवारी १०.६, बुधवारी ८.९.

दर रविवारी ६० लिटर पाणी बदलतो. मग २५ ग्रॅम बेकिंग सोडा विरघळवून संपमध्ये, दोन तासांनी २० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. आठवडाभर बाकी काही घालत नाही.

लक्षणं: निळ्या ॲक्रोपोराची टोकं पांढरी होऊन त्यावर दोन-तीन दिवसांत हिरवट लव चढते. हिरव्याचं बूड पांढरं पडतंय, आठवड्याला ३-४ मिलिमीटर वर सरकतंय. मॉन्टिपोरा फिके. हॅमर मात्र मस्त फुललेला. वाळूवर तपकिरी शेवाळं आहे, दुपारनंतर त्याचे बुडबुडेवाले धागे लोंबतात, सकाळी कमी दिसतात.

शेवाळ्यासाठी जीएफओ दुप्पट करून खाणं एक दिवसाआड करायचं ठरवलंय. बरोबर आहे का?

---

डीकेएच_आठ

नाही! जीएफओ दुप्पट करू नका, खाणंही कमी करू नका. ते तपकिरी प्रकरण शेवाळं नसण्याची शक्यता जास्त आहे, पण त्याबद्दल दुसरं कुणीतरी लिहीलच. मी अल्कलिनिटीचं सांगतो, कारण मूळ तिथे आहे.

तुमच्याकडे आठवड्याचे दोनच आकडे आहेत. त्यांच्यावरून तिसरा काढू. रविवार ते बुधवार तीन दिवसांत १.७ डीकेएच खाली, म्हणजे रोज साधारण ०.५७. हाच वेग धरला तर शनिवारी रात्री ६.९ च्या आसपास असायला हवं. तुम्ही तेव्हा मोजत नाही, म्हणून तो आकडा कधी दिसलाच नाही. आता रविवारचा हिशेब: ६.९ वर असलेल्या पाण्यातलं २० टक्के काढून ११.५ चं घातलं की ७.८. मग २५ ग्रॅम सोडा. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम बेकिंग सोडा लागतो, म्हणजे ३०० लिटरमध्ये २५ ग्रॅमने २.८ वाढले. ७.८ अधिक २.८ बरोबर १०.६. तुमचंच रीडिंग.

थोडक्यात, दर रविवारी दोन-तीन तासांत तुमचा टँक ६.९ वरून १०.६ वर उडी मारतो. तुम्ही लिहिलेले आकडे सुटे पाहिले तर एकही वाईट नाही, पण ॲक्रोपोरा सुटा आकडा भोगत नाही, ही उडी भोगतो. हॅमरची ऊती मांसल आणि जाड, तो असले धक्के बराच काळ पचवतो. म्हणून तो मस्त दिसतोय. त्याच्याकडे बघून टँकची तब्येत ठरवू नका.

आता टोकं. निरोगी ॲक्रोपोराचं वाढतं टोकही फिकट असतंच, पण त्यावर ऊती असते, मधला पॉलिप दिसतो आणि लव चढत नाही. लव चढली म्हणजे खाली उघडा सांगाडा आहे. अल्कलिनिटी १० च्या वर आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य, ही जोडी टोकं जाळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. सांगाडा भरभर वाढतो, त्यावर ऊती पसरायला लागणारं नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात नसतं. नैसर्गिक समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी ७ च्या आसपास असते. अन्न कमी असलेल्या टँकला ७.५ ते ८ पुरे. ११-१२ डीकेएचची मिठं भरपूर खाणं आणि भरपूर मासे असलेल्या टँकमध्ये चालून जातात, तुमच्यासारख्या उपाशी टँकमध्ये नाही.

काय करायचं:

या रविवारी सोडा आणि कॅल्शियम दोन्ही घालू नका. पाणी बदलायचं असेल तर ६० ऐवजी ३० लिटर. रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. ॲसिड वगैरे घालून काही खाली आणायचं नाही.

७.८ ते ८ ला पोचलात की तिथेच थांबवून धरायचं. रोजचा खप ०.५७ डीकेएच म्हणजे ३०० लिटरला ५ ग्रॅम बेकिंग सोडा, किंवा ३.२ ग्रॅम सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट). सोडा ॲश घ्या. बेकिंग सोड्याने पीएच किंचित खाली जातो, सोडा ॲशने वर. एका लिटर आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्यात ८० ग्रॅम सोडा ॲश विरघळवा, त्याचे रोज ४० मिलिलिटर. दुसऱ्या बाटलीत लिटरला ११० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेही रोज ४० मिलिलिटर. दोन्ही एकाच मापात का? कारण सांगाडा बनताना प्रत्येक १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम जातं आणि या दोन द्रावणांत तेच प्रमाण आहे. तुमचं कॅल्शियम ४४५ आहे, म्हणून पहिला आठवडा कॅल्शियम निम्मंच घाला.

डोसिंग पंप घ्या. ४० मिलिलिटर एकदम नको, दिवसातून ८ वेळा ५-५. सोडा आणि कॅल्शियम यांच्यात किमान अर्धा तास अंतर, आणि दोन्ही नळ्या वेगळ्या, जोरात पाणी वाहतं तिथे. एकाच कोपऱ्यात सोडलंत तर पांढरा धूर दिसेल. तो कॅल्शियम कार्बोनेट असतो, तो प्रवाळाच्या कामाचा नाही, पंपाच्या इंपेलरवर मात्र छान बसतो.

खप कायम राहत नाही. प्रवाळ बरे झाले की वाढतो, आजारी पडले की कमी होतो. आठवड्यातून दोनदा मोजून डोस १० टक्क्यांच्या पायऱ्यांनीच हलवा. अल्कलिनिटी अचानक चढायला लागली तर आधी प्रवाळाकडे बघा. त्यांनी वाढणं थांबवलंय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

---

संपवाला

हिशेब पटला. एक पर्याय: कल्कवासर, म्हणजे चुन्याची निवळी. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकाच बाटलीतून, तेही योग्य प्रमाणात. शिवाय तुमच्या न्यू जर्सीत हिवाळ्यात खिडक्या बंद, घरात कार्बन डायऑक्साइड साचतो, टँकचा पीएच ७.७-७.८ वर येऊन बसतो. चुन्याच्या निवळीने तो वर येतो. रोज ४ लिटर बाष्पीभवन धरलं तर टॉप-ऑफच्या (उडालेलं भरून काढायच्या) पाण्यात लिटरला ०.५५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड घातलं की खप भागला. संपृक्त निवळी करू नका. ४ लिटर संपृक्त निवळीने तुमच्या टँकमध्ये दिवसाला दीड डीकेएच जाईल.

---

डीकेएच_आठ

कल्कवासर उत्तम, पण एटीओच्या (फ्लोटवर चालणाऱ्या आपोआप टॉप-ऑफच्या) भरवशावर नको. फ्लोट अडकला की टाकी रिकामी होईपर्यंत १२ च्या वर पीएच असलेलं पाणी संपमध्ये जात राहणार. ज्यांना करायचंय त्यांनी वेळ लावलेल्या डोसिंग पंपाने करावं, आणि साठा एका दिवसापुरताच ठेवावा. पीएचसाठी सोपा उपाय म्हणजे स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढणं. त्याला चार फूट नळी लागते, बस.

---

भिंगवाला

वाळूवरच्या तपकिरीबद्दल. दुपारी धागे, बुडबुडे, रात्रीतून कमी, नायट्रेट-फॉस्फेट शून्य: हे डायनोफ्लॅजेलेट्स (थोडक्यात डायनो), एकपेशी सूक्ष्मजीव. खात्री अशी करा. थोडं एका बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा एकत्र येऊन धागे झाले तर डायनो. सायनोबॅक्टेरिया किंवा डायॅटम असे परत जुळत नाहीत.

यांच्यावर जीएफओ दुप्पट करणं म्हणजे त्यांना रान मोकळं करून देणं. शून्य पोषणात हिरवं शेवाळं आणि उपयोगी जिवाणू मागे पडतात आणि हे पुढे येतात. म्हणून जीएफओ पूर्ण काढा, आजच.

नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आणायचं. आधी खाणं: अर्ध्या क्यूबऐवजी एक, दोन वेळांत विभागून. तेवढ्याने आठवड्यात हललं नाही तर डोस. सोडियम नायट्रेट ४१ ग्रॅम एका लिटरमध्ये, त्याचे १० मिलिलिटर म्हणजे ३०० लिटरला १ पीपीएम नायट्रेट. दिवसाला १ पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका. फॉस्फेटसाठी निर्जल डायसोडियम फॉस्फेट ०.९ ग्रॅम एका लिटरमध्ये, त्याचे १० मिलिलिटर म्हणजे ०.०२ पीपीएम. गंमत अशी की घातलेलं फॉस्फेट दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल. दोन महिने जीएफओने निचरलेले दगड ते शोषून घेतात. दगडांचं पोट भरेपर्यंत रोज घालावं लागेल. नेमकं इथेच लोक वैतागून एकदम दहापट घालतात, आणि पंधरा दिवसांनी ०.३ आलं म्हणून परत फोरमवर नवा धागा काढतात.

तुमचं फॉस्फेट ०.०० कशावर मोजलंय? हॅनाचा अल्ट्रा लो-रेंज फॉस्फरस चेकर असेल तर त्यावरचा आकडा पीपीबी फॉस्फरस असतो. त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की पीपीएम फॉस्फेट. त्या यंत्राची स्वतःची चूकच ५ पीपीबी धरायची, म्हणजे ०.०१५ पीपीएम. त्यामुळे ०.०० आणि ०.०१ यात फरक शोधत बसू नका. कुपीवर बोटाचे ठसे असले तरी आकडा हलतो.

यूव्ही (पाणी अतिनील दिव्याखालून नेणारं यंत्र) घ्यायच्या आधी स्वस्तातला मायक्रोस्कोप आणा. डायनोंमधला ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतो, त्याला यूव्ही लागू पडतो. मोठा ॲम्फिडिनियम वाळूतच राहतो, तिथे यूव्हीचे पैसे वाया.

आता हिरव्याचं बूड. डीकेएच_आठ म्हणतात ते कारण असेलच, पण ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी नाहीत ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते बुडाकडून, सावलीतून सुरुवात करतात. ऊतीवर गोलसर फिकट चट्टे दिसतात, आणि पांढऱ्या भागावर तपकिरी बारीक अंड्यांचे पुंजके. अंगाच्या रंगात ते इतके मिसळतात की नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) फांद्यांच्या आत जोरात फवारे मारा आणि खाली काय पडतं ते पांढऱ्या वाटीत धरून बघा.

सापडले तर डिप, म्हणजे प्रवाळ काढून औषधी द्रावणात बुडवणं. पण कुठल्याही डिपने अंडी मरत नाहीत. अंडी ब्लेडने खरवडायची, किंवा फ्रॅगचा (प्रवाळाच्या तुकड्याचा) जुना प्लगच (खालची बैठक) तोडून टाकायचा. दर ५ ते ७ दिवसांनी डिप, निदान सहा आठवडे. एक डिप करून सुटलो म्हणणाऱ्यांच्याच टँकमध्ये ते कायमचे राहतात.

---

टी५प्रेमी

लाइटकडे कुणी गेलंच नाही. टी-५ वरून सरळ ८० टक्के एलईडी? ट्यूबांचा उजेड सगळीकडून पसरून येतो, एलईडीचा एका बाजूने झोतासारखा. वरच्या टोकांवर पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड (‘पार’), दुप्पट झालेला असू शकतो आणि खालच्या बुडाला सावली. तुमची दोन्ही लक्षणं यातही बसतात.

पार मीटर भाड्याने किंवा एखाद्या क्लबकडून मिळवा. ॲक्रोपोराच्या टोकाशी २०० ते ३००, मॉन्टिपोराला १५० ते २५०, हॅमर आणि झोआ १०० च्या आसपास खूश. मीटर मिळेपर्यंत ५० टक्क्यांवर आणा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. पांढरे एलईडी दिवसाला ४-५ तासच. पोषण शून्य असताना तर जास्त उजेड बिलकुल नको. अल्कलिनिटी, पोषण आणि उजेड ही तीन चाकं एकाच गाडीची आहेत, एक जोरात फिरवलं की बाकीची मोडतात.

आणि प्रवाह. बुडाशी पाण्याची झुळूक पोचते का? वेव्हमेकर (प्रवाहाचे पंप) समोरासमोर, आलटून पालटून. एकाच दिशेने सतत झोत बसला तर त्या बाजूची ऊती सोलवटते.

---

एडिसनकर

जीएफओ काढलं. एलईडी ५० वर. शनिवारी रात्री अल्कलिनिटी मोजली: ६.९. डीकेएच_आठ, दंडवत.

गाळण्याची चाचणी केली, ४० मिनिटांत परत धागे. म्हणजे डायनोच. बास्टरने फवारे मारले, वाटीत फक्त घाण आणि दोन ॲम्फिपॉड. अंडी दिसली नाहीत.

शनिवारीच ६.९ आहे, मग आता "७.८ ला पोचेपर्यंत थांबा" कसं करू? वर आणायचं ना?

---

डीकेएच_आठ

हो, पण हळूहळू. ६.९ ही काही आणीबाणी नाही, समुद्राजवळचाच आकडा आहे. ठरलेला रोजचा ४० मिलिलिटर आजपासून सुरू करा, म्हणजे घसरण थांबेल. त्यावर रोज १५ मिलिलिटर जास्तीचे, त्याने दिवसाला ०.२ डीकेएच चढेल. चार-पाच दिवसांत ७.८ च्या पुढे. मग जास्तीचे बंद. आणि पुढची मिठाची बादली आठ-साडेआठ डीकेएचची घ्या. तोवर आहे ती वापरताना १५ ते ३० लिटरच बदला, म्हणजे झटका ०.५ च्या आत राहील.

क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजत असाल तर तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवलाय ना? साध्या पाण्यावर शून्य जुळवून वर दोन पीपीटी चुकणारे बरेच असतात. क्षारता चुकली की कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आकड्यांचा अर्थही चुकीचा लावला जातो.

---

पुणेरी_पॉलिप

धागा छान, पण हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी ॲक्रोपोरा शोधायला निघू नये म्हणून लिहितो. भारतात सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. यात ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा आले तसा हॅमरही आला, तो मांसल दिसला तरी सांगाड्याचाच. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला वाळका तुकडाही "शोभेसाठी" म्हणून घरी आणायचा नाही. दुकानदार काय म्हणतो यावर जाऊ नका.

इथल्या टँकमध्ये दिसतात ते बहुतेक झोआ, मशरूम, लेदर असे बिनसांगाड्याचे. त्यांचा अल्कलिनिटीचा खप नगण्य. दोन आठवड्यांतून १०-१५ टक्के पाणी बदललं तरी पुरतं, डोसिंगच्या फंदात पडू नका. इथली दुखणी वेगळी.

पाणी: घरच्या प्युरिफायरचं वापरू नका. बहुतेकांत टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आरओच्या पुढे डीआय रेझिन लावा, टीडीएस मीटरवर ० यायला हवं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपतं. १-२ दिसायला लागलं की बदला, कारण संपत आलेलं रेझिन सिलिका सर्वांत आधी सोडतं. कोकणातून समुद्राचं पाणी आणायचंच तर पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे नको. खाडीजवळचं तर कधीच नको.

उन्हाळा: पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी, पाण्यावर दोन छोटे पंखे मारले की २-३ अंश उतरतात. पण बाष्पीभवन दुप्पट होतं, एटीओ नसेल तर क्षारता चढते. मुंबईत दमटपणामुळे पंख्याचा उपयोग फारच थोडा, तिथे चिलर लागतो. २९-३० अंशांवर दिवसेंदिवस राहिलं की झूझॅन्थेली (प्रवाळाच्या ऊतीत राहणारं सूक्ष्म शेवाळं) बाहेर पडून प्रवाळ पांढरा होतो. आणि वीज गेली तर हीटर-लाइट विसरा, आधी वेव्हमेकर इन्व्हर्टरवर. पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन संपतो, मासे आधी जातात.

शेवटचं, झोआवाल्यांसाठी: कापताना हातमोजे आणि चष्मा. काही झोआ आणि पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. ती वाफ फुप्फुसात गेली तर थेट हॉस्पिटल.

---

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: हिरव्याचं बूड आता १२ मिलिमीटर पांढरं आहे. कापू का?

---

भिंगवाला

रेषा सरकतेय का, यावर ठरवा. ऊतीच्या कडेला पेन्सिलने सांगाड्यावर खूण करा, किंवा रोज एकाच कोनातून फोटो काढा. तीन दिवस हलली नाही तर हात लावू नका. अल्कलिनिटी स्थिरावली की कड स्वतःच जाडसर होते आणि परत खाली पसरते.

सरकतेय असं दिसलं तर आजच कापा. पांढऱ्या रेषेपासून निदान १ सेंटिमीटर वर, पूर्ण निरोगी भागात. बोन कटरने एका दाबात, करवतीसारखं घासत नाही. रेषेवरच कापलंत तर रोग सोबत नेलात. दोन-तीन तुकडे करा, सगळे एकाच जागी ठेवू नका. नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवा, कापलेला खालचा भाग ग्लूत पूर्ण बुडेल इतका. मग मध्यम प्रवाहात, १५०-२०० पारला ठेवा. जुन्या जागी लगेच परत वर चढवू नका.

आणि एका रात्रीत ऊती सालीसारखी सुटून पाण्यात तरंगायला लागली तर तीन दिवस वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असतील तरी कटर काढा.